परतलेल्या राजपुत्राची गोष्ट

दीर्घ भ्रमंतीनंतर एक राजपुत्र समुद्रमार्गे आपल्या राजधानीकडे परत येतो आहे. दुरून नगर दिसू लागते. परंतु स्वागताचे चौघडे कानी पडत नाहीत. नगरावर धुराचे लोट आहेत, शत्रू आत शिरलेला आहे आणि जहाज बंदराला लागण्यापूर्वीच त्यावर आगीचा वर्षाव होतो. कसाबसा किनारा गाठणाऱ्या त्या तरुणापुढे पुढील सर्व कथाभर एकच प्रश्न उभा राहतो : आधी सूड, की आधी आपली माणसे?

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागात २००५-०६ च्या सुमारास जी मुले शाळा-महाविद्यालयांत होती, त्यांच्यापैकी अनेकांना हा प्रसंग आजही जसाच्या तसा आठवेल. सुटे भाग जोडून घेतलेला संगणक तेव्हा मध्यमवर्गीय घरांत नुकताच स्थिरावला होता. ज्यांच्या घरी तो नव्हता, त्यांच्यासाठी कोपऱ्यावरचे सायबर कॅफे होते. सायंकाळी विभागीय क्रीडा संकुलाच्या मैदानावर घाम गाळणारी मुले रात्री जेवणे उरकली की बॅबिलोनच्या तटावरून उड्या मारू लागत. त्या खेळाचे नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द टू थ्रोन्स’, म्हणजे ‘दोन सिंहासने’. तीन भागांच्या साहसकथेचा हा शेवटचा भाग डिसेंबर २००५ मध्ये जगभर प्रसिद्ध झाला. त्याला आता वीस वर्षे उलटून गेली. तेव्हाची मुले आज स्वतः आई-बाप आहेत, आणि त्यांची मुले त्यांच्याच हातातील भ्रमणध्वनी ओढून घेऊन खेळत आहेत.

या खेळाची आठवण काढण्याचे कारण केवळ स्मरणरंजन नाही. गारखेड्यापासून वीस किलोमीटरांच्या आत एक राजपुत्र खरोखरच असा परतला होता. वर्ष होते १२९६. त्याने पाहिलेली राजधानी संगणकाच्या पडद्यावरची नव्हती. त्या राजपुत्राचे नाव मात्र गारखेड्यातील किती घरांत ठाऊक असेल, याची शंका वाटते.

वाळूची तीन प्रकरणे

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, अशा वाचकांसाठी त्याची थोडी पार्श्वभूमी सांगणे इष्ट ठरेल. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा मूळ खेळ जवळजवळ एकट्याने तयार केला. नायकाची धाव आणि उडी जिवंत वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला-उडायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्या चित्रणावरून एकेक आकृती रेखाटली. संगीत त्याच्या वडिलांनी दिले. कथेचे बीज अरबी सुरस कथांचे, म्हणजे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ज्या कथा मराठीत आणल्या त्यांचेच. पुढे युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने कॅनडातील मॉन्ट्रियल येथील आपल्या चमूकडे नवी त्रिखंडात्मक मालिका सोपवली. ‘द सँड्स ऑफ टाइम’ २००३ मध्ये, ‘वॉरिअर विदिन’ २००४ मध्ये आणि ‘द टू थ्रोन्स’ २००५ मध्ये आला.

भारतीय वाचकाला विशेष वाटावे असे या मालिकेत काही असेल, तर ते तिच्या आरंभात आहे. पहिल्या भागाची कथा सुरू होते ती हिंदुस्थानातील एका महाराजाच्या राजवाड्यात. पर्शियाचा राजा शारामन स्वारी करून येतो. महाराजाचाच वजीर फितूर होतो आणि परचक्राला वाट मोकळी करून देतो. खजिना लुटला जातो. त्यात काळाची वाळू भरलेले प्रचंड घटिकापात्र असते, काळ मागे फिरवणारी कट्यार असते आणि युद्धकैदी म्हणून महाराजाची कन्या फराह असते. पित्याच्या नजरेत भरावे म्हणून राजपुत्र स्वतः ती कट्यार पळवतो. वजिराच्या बोलण्याला भुलून तो घटिकापात्र उघडतो आणि त्या वाळूने सारी माणसे राक्षस बनतात. कीर्तीच्या लोभाने केलेली एक चोरी, आणि तिची किंमत मोजण्यात तीन भाग खर्ची पडतात. एवढी साधी, पण पक्की अशी ही नैतिक चौकट आहे.

दुसऱ्या भागात ही चौकट बरीच ढिली पडली. नायक सदा संतापलेला, रक्तपात अधिक आणि स्त्रीपात्रांचे चित्रण उथळ. या भागात मेकनर यांचा सहभाग नव्हता, आणि त्यातील हिंसा आपल्याला रुचली नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. आपल्या मानसपुत्राविषयी निर्माता असे बोलतो तेव्हा त्यातील वेदना समजून घ्यावी लागते. बाजाराला मात्र तो भाग आवडला. तेव्हा तिसऱ्या भागापुढे मोठाच पेच होता. पहिल्या भागातील निरागस तरुण आणि दुसऱ्या भागातील क्रुद्ध योद्धा यांपैकी शेवटी कोणाला सिंहासनावर बसवायचे? या पेचाचे जे उत्तर काढले गेले, त्यामुळेच हा शेवटचा भाग लक्षात राहिला.

दोन सिंहासने, एक मन

लेखकांनी दोघांनाही एकाच देहात ठेवले. बॅबिलोनमध्ये पुन्हा मुक्त झालेली वाळू राजपुत्राच्या बाहूत शिरते आणि त्याच्या आतून दुसरा आवाज बोलू लागतो. हा ‘काळा राजपुत्र’ चतुर आहे, विनोदी आहे आणि बोलण्यात वरचढ आहे. नगरजनांच्या मागे वेळ घालवू नकोस, वजिराला गाठ, सूड घे, सिंहासन तुझेच आहे, असे तो सतत सुचवत राहतो. मधूनमधून तो देहाचाच ताबा घेतो. मग नायकाच्या हातात साखळीसारखे पाते येते, त्याचे बळ दुणावते. पण आयुष्य मात्र क्षणाक्षणाला ओसरू लागते. जिवंत राहायचे तर मारीत पुढे जात राहणे भाग असते. पाण्याचा स्पर्श झाला की तो पुन्हा माणसात येतो.

आपल्याकडे ज्याला षड्रिपू म्हणतात, त्यांचे याहून बोलके चित्र शोधणे कठीण. क्रोध माणसाला बळ देतो आणि त्याच वेळी आतून पोखरतो, हे प्रवचनातून मुलाला सांगितले तर तो जांभई देईल. येथे तेच त्याच्या बोटांना कळते. पडद्यावरची आयुष्यरेषा आटत चाललेली त्याला दिसते आणि कुठे पाणी आहे का, हे त्याचे डोळे शोधू लागतात.

राजपुत्रात पालट होतो तो दोन टप्प्यांनी. प्रथम, संकटात सापडलेल्या नगरजनांना टाकून पुढे जायला तो नकार देतो. पुढे एका विहिरीच्या तळाशी त्याला आपल्या पित्याचे शव सापडते. आपल्या कृत्यांची फळे आता नाकारता येणार नाहीत, हे तो तेथे मान्य करतो, पित्याची तलवार उचलतो आणि आतल्या आवाजाची पकड सुटते. वजीर मारला गेल्यानंतरही तो आवाज शेवटचा डाव टाकतो. मनाच्या अंधारात दोघांचे द्वंद्व सुरू होते. पण तेथे तलवारीने निकाल लागत नाही. फराहची हाक ऐकून राजपुत्र त्या छायेकडे पाठ फिरवतो आणि उजेडाकडे निघून जातो. तीन भाग ज्याने केवळ शस्त्र चालवले, तो शस्त्र न चालवता जिंकतो. मग फराह विचारते आणि तो तिला सारी हकीकत पहिल्यापासून सांगू लागतो. मालिका जेथून सुरू झाली, तेथेच ती येऊन मिळते.

हे गुणगान ऐकून पालकांनी निर्धास्त व्हावे, असा मात्र अर्थ नाही. अमेरिकेतील मानांकन मंडळाने पहिला भाग तेरा वर्षांवरील आणि पुढचे दोन भाग सतरा वर्षांवरील मुलांसाठी योग्य ठरवले होते. आपल्याकडे चोरट्या मार्गाने उतरवलेल्या तबकड्या कागदी पाकिटात मिळत. त्यावर ना मानांकन असे, ना निर्मात्यांची नावे. परिणामी दोन गोष्टी घडल्या. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या हाती प्रौढांचा खेळ पडला. शिवाय त्यामागे लेखक, चित्रकार, संगीतकार आणि वास्तुकलेचा अभ्यास करणारे शेकडो लोक असतात, ही जाणीवच रुजली नाही. ‘गेम’ म्हणजे फुकटात मिळणारा टाइमपास, ही समजूत तेव्हापासूनची आहे. आणि तिची किंमत आपण आजही मोजतो आहोत.

देवगिरीचा शंकरदेव

आता त्या दुसऱ्या राजपुत्राकडे वळू. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी कडा-माणिकपूरहून सुमारे आठ हजार घोडेस्वार घेऊन दक्षिणेत उतरला. चुलत्यावर रुसून निघालेला सरदार, असे सोंग त्याने घेतले होते. देवगिरीच्या यादवांचे मुख्य सैन्य त्या वेळी युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेले होते. खेळातल्याप्रमाणे येथे कोणी वजीर फितूर झाला नव्हता. येथे गाफीलपणा नडला. देवगिरीच्या वाटेवरील घाटात कान्हा नावाच्या अधिकाऱ्याने परचक्राला अडवले. पुढे दौलताबादेत राहिलेल्या इसामीने १३५० च्या सुमारास आपल्या पद्यमय तवारिखेत नोंदवले आहे, की कान्हाच्या सैन्यात दोन स्त्रिया सेनानी होत्या आणि त्या वाघिणींसारख्या लढल्या. ही नोंद शत्रुपक्षाच्या आश्रयाने लिहिणाऱ्याची आहे, म्हणून तिचे मोल अधिक. त्या दोघींची नावे मात्र उरली नाहीत.

रामदेवराय गडावर कोंडला गेला आणि त्याने तह केला. इतक्यात शंकरदेव सैन्यासह परतला. त्याला दिसले ते लुटलेले नगर आणि तहाने बांधला गेलेला पिता. लढू नकोस, असा निरोप पित्याने पाठवला. पुत्राने तो मानला नाही. फारसी तवारिखांच्या सांगण्यानुसार लढाईचे पारडे त्याच्याकडे झुकलेही होते. तेवढ्यात गडाच्या वेढ्यावर ठेवलेली नुसरतखानाची एक तुकडी धूळ उडवीत आली. दिल्लीची मोठी फौजच आली, असा समज होऊन यादवांची फळी फुटली. पुढे गडावर धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले, असे सांगतात. तह पुन्हा झाला, तो पहिल्यापेक्षा कितीतरी जाचक. देवगिरीचे सोने घेऊन अलाउद्दीन परतला, त्याच वर्षी त्याने आपल्या चुलत्याचा काटा काढला आणि लुटीतले द्रव्य उधळीत दिल्लीचे तख्त गाठले. एका सिंहासनाच्या लुटीवर दुसरे सिंहासन उभे राहिले.

शंकरदेवाची कथा तेथे संपत नाही. पित्यामागे तो गादीवर आला, त्याने दिल्लीची खंडणी थांबवली आणि १३१३ च्या सुमारास मलिक काफूरशी झालेल्या संघर्षात तो मारला गेला. पित्याची आज्ञा मोडून लढणे योग्य होते काय? तह पाळला असता, तर राज्य वाचले असते काय? धुळीच्या एका लोटाने सैन्य का बिथरावे? गडावर चढलेल्या गोण्या कोणीच का उघडून पाहिल्या नाहीत? यांतील प्रत्येक प्रश्न उत्तम कथेचा आहे, आणि बॅबिलोनच्या राजपुत्रापुढील प्रश्नाहून तो अधिक खरा आहे. कारण येथे काळ मागे फिरवणारी कट्यार कोणाच्याच हाती नव्हती.

राहता राहिली रंगभूमी. ‘दोन सिंहासने’ या खेळात काय असते? उंच तट, अरुंद सज्जे, अंधारी भुयारे, गुप्त सापळे आणि त्यातून वर वर जाणारा एकच मार्ग. देवगिरीचा किल्ला याहून काय निराळा आहे? सुमारे दोनशे मीटर उंच टेकडी, तिच्या खालच्या भागातील खडक तासून केलेला उभा कडा, भोवती खडकात खोदलेला खंदक, आणि वर जायला वाट कोणती, तर खडकाच्या पोटातून वळणे घेत जाणारी ‘अंधारी’. तिच्या वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर आत कोंडण्याची सोय होती. हे सारे शत्रूला अडवण्यासाठी बुद्धिमान स्थपतींनी रचलेले आहे. मॉन्ट्रियलच्या कलावंतांना जे कल्पनेने उभारावे लागले, ते येथे दगडात तयार आहे.

आणखी थोडे पुढे वेरूळ. तेथील कैलास लेण्यात रामायण-महाभारताचे प्रसंग दगडी पट्ट्यांत ओळीने कोरलेले आहेत. पाहणारा जसजसा चालतो, तसतशी कथा पुढे सरकते. प्रेक्षकाने स्वतः पावले टाकून उलगडायची कथा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. ती आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या शिल्पकारांनी आपल्याच शेजारी कातळात उतरवली आहे.

मजुरी आणि मालकी

या मालिकेचा महाराष्ट्राशी एक प्रत्यक्ष संबंधही आला, आणि तो बोधप्रद आहे. युबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या कंपनीची पुण्यातील शाखा विकत घेतली. पुढे २०१८ मध्ये मुंबईतही केंद्र सुरू केले. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, की मालिकेच्या पहिल्या भागाचे नवे रूप पुणे आणि मुंबई येथील चमू साकारत आहेत. हिंदुस्थानी महाराजाच्या लुटीने सुरू होणारी कथा प्रथमच हिंदुस्थानी हातांनी घडणार होती. दुर्दैवाने पहिली झलक पाहून जगभरच्या खेळाडूंनी चित्रांच्या दर्जावर टीका केली. जानेवारी २०२१ ची तारीख पुढे गेली आणि नंतर बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलकडे गेले आणि अखेर जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्पच रद्द केला.

पुण्या-मुंबईच्या तरुणांना यासाठी दूषणे देणे अन्यायाचे होईल. वर्षानुवर्षे ज्यांच्याकडून मोठ्या खेळांचे सुटे तुकडे करून घेतले गेले, त्यांना संपूर्ण कलाकृतीची जबाबदारी पहिल्यांदाच मिळाली होती, आणि तीही दुसऱ्याच्या कथेची. कौशल्य मजुरीतून येते. पण दृष्टी मालकीतून येते. आपली कथा आपण सांगतो तेव्हा चूक आपली असते आणि सुधारणाही आपली असते. परक्याच्या कथेत चूक झाली की काम काढून घेतले जाते, इतकेच.

याच पुण्यात दुसरा मार्गही चोखाळला गेला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ आणला. असुरांनी पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक सामान्य मुलगी, तिच्यावर दुर्गेची कृपा आणि देवतांच्या तोंडून उलगडणारे कथन, असे त्याचे स्वरूप. वास्तू राजस्थानी, चित्रांवर पहाडी शैलीची छाया. खेळ लहान आहे, शेवट घाईचा वाटतो. पण तो आपला आहे, आणि जगाने त्याची दखल घेतली. पहिल्या मालिकेतील फराह ही कथेचे निमित्त ठरलेली हिंदुस्थानी राजकन्या आहे. तिच्या राज्याला धड नावही नाही. येथील मुलगी मात्र स्वतःच्या कथेची नायिका आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

अनुकूलता आता वाढली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी घातली आणि त्यांच्यापासून ई-क्रीडा व मनोरंजनपर खेळ वेगळे काढले. जुगार आणि खेळ यांतील भेद कायद्याने मान्य केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. घराघरांतूनही तो भेद ओळखला गेला पाहिजे. पत्त्यांवर पैसे लावणारा मुलगा आणि शेवटच्या प्रकरणात अडकून रात्री अकरापर्यंत जागणारा मुलगा यांना एकाच शब्दाने रागावणे योग्य नाही. जागरणाबद्दल जरूर रागवावे. पण कोणत्या दारापाशी अडलास, हेही विचारावे.

दिवाणखान्यातले काम

एके काळी हरिभाऊ आपटे यांच्या ‘उषःकाल’सारख्या कादंबऱ्यांनी मराठी घरांत इतिहास जागा ठेवला. त्या काळीही कादंबरीने मुले बिघडतात, असे म्हणणारे वडीलधारे होतेच. कादंबरी टिकली, कारण तिच्यात आपली माणसे बोलू लागली. खेळाच्या या नव्या माध्यमाचे भवितव्यही त्यावरच ठरेल. माध्यमाला झिडकारून ते दारातून परत जाणार नाही. ते घरात आलेले आहे. त्यात कोणाची गोष्ट असावी, हे ठरवणे तेवढे अजून आपल्या हाती आहे.

त्याची सुरुवात मोठ्या भांडवलाने होत नाही. मुलाच्या शेजारी अर्धा तास बसावे. हा कोण, याला काय हवे आहे, याने काय गमावले, हे त्यालाच विचारावे. तो भरभरून सांगेल. मग एखाद्या रविवारी सूतगिरणी चौकातून निघून देवगिरी गाठावी. अंधारीत शिरताना त्याचा हात धरावा, वटवाघळांच्या वासाने तो नाक मुरडेल तेव्हा हसावे आणि वर उजेडात आल्यावर शंकरदेवाची हकीकत पहिल्यापासून सांगावी : सैन्य कुठे होते, निरोप काय आला, धूळ कोणाची होती, गोण्यांत काय निघाले. घाटात लढलेल्या त्या दोघींचीही आठवण काढावी.

‘तू असतास तर काय केले असतेस?’ एवढेच शेवटी विचारावे. उत्तराची घाई करू नये. ज्याने बॅबिलोनमध्ये सूड बाजूला ठेवून नगरजनांना वाचवले आहे, तो या प्रश्नावर परतीच्या वाटेवर गप्प बसून विचार करील. एखाद्या घरातला असा मुलगा किंवा मुलगी उद्या कागदावर त्या अंधारीचा नकाशा काढायला बसली, तर देवगिरीच्या राजपुत्राला सातशे तीस वर्षांनी कोणीतरी सांगणारे मिळाले, असे म्हणता येईल.